‘येते’चं बटण

माझ्या मुलीला टॅब घ्यायचं ठरलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि त्याआधीची सहा वर्षं आम्ही तिच्यापासून स्क्रीन लपवण्यात घालवली होती. डॉक्टरांनीच सांगितलं होतं. मूल बोलत नाही ना, मग आधी मोबाईल बंद, टीव्ही बंद, कार्टून बंद. आम्ही टीव्हीवर चादर टाकली. सासूबाई त्यांची संध्याकाळची मालिका शेजारच्या मळ्यात जाऊन बघू लागल्या. एक-दोन महिने नव्हे, सहा वर्षं. मुलगी बोलली नाही ती नाहीच. आणि मग एक दिवस कॉलेज रोडच्या थेरपिस्ट मॅडम अगदी सहज म्हणाल्या, “आता हिला एक टॅब घ्या. त्यात बोलायचं ॲप टाका. चित्राला बोट लावलं की टॅब बोलेल तिच्यासाठी.” त्यांच्या टेबलावर काचेचा पेपरवेट होता. तो उचलून भिंतीवर मारावा असं मला वाटलं होतं, हे आज लिहून टाकते.

मुलगी स्वमग्न आहे. तिला ऐकू येतं, कळतंही पुष्कळ. मोटार चालू झाली की विहिरीकडे पळते, तिच्या दही-भाताचा डबा जागेवरून हलवला तर शोधून काढते, शेवंतीच्या पाकळ्या एकेक सोडवून पांढऱ्या-पिवळ्या वेगळ्या करते. पण तोंडातून शब्द येत नाही. काही हवं असेल तर हात धरून ओढते, आणि काही सहन होत नसेल तर चावते. आधी स्वतःच्या अंगठ्याखाली, तिथे आता घट्टा पडला आहे. तेवढ्यानं भागलं नाही तर समोरच्याला. या चावण्यापायी दोन शाळांनी तिला परत पाठवलं होतं.

तिसरी शाळा नाशिकच्या द्वारका चौकाच्या पुढे होती. शाळा म्हणजे एका बंगल्याचा तळमजला आणि बारा मुलांची सोय. ती चालवणाऱ्या बाई स्वतःच शिकवायच्या आणि स्वतःच मुलांची नाकं पुसायच्या, म्हणून मला आवडल्या. एक जागा रिकामी होती. बाईंनी अट स्पष्ट सांगितली. मुलाला आपलं म्हणणं सांगायची काहीतरी रीत हवी, मग ती खुणांची असो नाहीतर चित्रांची. “बाकीच्या अकरा जणांना सांभाळायचं असतं मला,” त्या म्हणाल्या. “गणपतीच्या आठवड्यात तीन दिवस बसवा हिला. मी बघते.” मला ती जागा हवी होती. दुसरी शाळा नव्हतीच. म्हणून टॅब, आणि म्हणून ॲप.

ॲप निवडणं म्हणजे काय, हे ज्यांनी निवडलं नाही त्यांना सोपं वाटतं. मॅडमना विचारलं, कुठलं घेऊ? त्या म्हणाल्या, “प्रत्येक मूल वेगळं असतं, तुम्ही ट्राय करा.” ट्राय करायला कंपनी पंधरा दिवस देते. आमच्या मुलीच्या बोटाला पाण्याचं चित्र कुठल्या कोपऱ्यात आहे हे बसायलाच महिना लागतो. म्हणजे तिला सापडायला लागेपर्यंत ॲप बंद पडणार, आणि पुढच्या ॲपमध्ये पाणी दुसऱ्याच कोपऱ्यात असणार. रोज घरातल्या वस्तूंची जागा बदलली तर तुम्ही-आम्ही वेडे होऊ, आणि तिनं मात्र हसतमुखानं शिकायचं.

पहिलं ॲप फुकट होतं. ते पाण्याला ‘वॉटर’ म्हणायचं, आणि दर तिसऱ्या बोटाला जाहिरात यायची. जाहिरातीत एक माणूस पत्ते पिसत ‘आओ, खेलो’ म्हणायचा. मुलीला शू लागलेली, आणि हा गडी पत्ते पिसतोय. तिनं टॅब आपटला. मीही आपटला असता.

दुसरं विकतचं आणि परदेशी. त्यातली आजी आखूड सोनेरी केसांची, हातात केक घेऊन उभी. आमच्या घरची आजी डोक्यावर पदर घेऊन शेवंतीचे वाफे खुरपते. खाण्याच्या पानावर चित्रंच चित्रं, पण भाकरी नाही. बर्फाचा माणूस मात्र होता. नाशिकला थंडी पडते म्हणा, पण इतकी नाही.

तिसरं हिंदी होतं. “चालेल की,” माझा नवरा म्हणाला, “हिंदी सगळ्यांनाच कळतं.” मी म्हटलं, “तुम्हाला कळतं. नऊ वर्षं तिच्या कानावर मराठी घातली आणि आता तिनं ‘मुझे पानी चाहिए’ म्हणायचं?” तो गप्प बसला. तो गप्प बसला की मला जास्त राग येतो, कारण मग भांडायला कुणी उरत नाही.

चौथ्यावर लिहिलं होतं, आता मराठीतही. मला इतका आनंद झाला की मी ऑफिसात चहा सोडून ते उतरवून घेतलं. मी पिंपळगावला द्राक्षांच्या एका पॅकहाऊसच्या ऑफिसात काम करते, तिथे सिग्नल चांगला असतो. पंख्याच्या चित्राला बोट लावलं तर आतली बाई म्हणाली, ‘चाहता’. दिव्याला म्हणाली, ‘हलका’. ‘जरा थांबूया’च्या चित्राला म्हणाली, ‘मला तुटणे पाहिजे’. आणि सगळं पुल्लिंगी, ‘मी दमलो’, ‘मी आलो’. ‘नको’ तर नव्हतंच. ‘नाही’ होतं. पानात कुणी वाढायला आलं तर माणूस ‘नाही’ म्हणेल का? मी कंपनीला सगळं सविस्तर लिहून पाठवलं. उत्तर आलं, ‘तुमचा अभिप्राय आमच्यासाठी खूप महाग आहे.’ ऑफिसातली सगळी जणं हसली. मीही हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

वर सल्ले फुकट. माझ्या चुलतबहिणीनं कुठला तरी व्हिडिओ पाठवला, त्यातलं मूल ॲप वापरून आठ दिवसांत बोलू लागलं होतं म्हणे. नणंद म्हणाली, टॅब बोलायला लागला तर पोरगी तोंड कशाला उघडेल? सहा वर्षं टॅब नव्हता तेव्हा तिनं कुठं व्याख्यानं दिली होती, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं, आणि ते अजून पचलेलं नाही.

शेवटी मॅडमनीच एक रिकामं ॲप दाखवलं. रिकामं म्हणजे नुसते चौकोन. चित्रं आपली, फोटो आपले, आवाज आपला भरायचा. त्यांनी कागदावर सुरुवातीचे शब्द लिहून दिले. पाणी, जेवण, शू, नको, पुरे, मदत आणि ‘इथून जायचंय’. शेवटच्या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या. “हा सगळ्यात महत्त्वाचा. आवाज, गर्दी, काहीही असह्य झालं की तिला तिथून निघायचं असतं आणि ते सांगता येत नाही, म्हणून ती चावते. हे एवढं सांगता आलं ना, तर शाळेचं निम्मं काम झालं.” एवढं स्पष्ट मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. घरी येताना मी तो कागद दोनदा वाचला.

रविवारी दुपारी स्वयंपाकघरात बसून मी चौकोन भरायला घेतले. फोटो सगळे आमचेच. आमचा तांब्या, आमची भाकरी, आमच्या मोरीचं दार. ‘इथून जायचंय’साठी आधी ॲपच्या चित्रसंग्रहात ‘जाते’ असं लिहून बघितलं, तर त्यानं दगडी जातं दाखवलं, खुंट्यासकट. म्हणून मी मळ्याच्या फाटकाचा फोटो काढला, खाली तिच्या चपला ठेवून. छान आला. आवाज माझाच भरत होते. माझा आवाज घोगरा आहे, लग्नात मंगलाष्टकांना मला कुणी पुढे करत नाही, पण मुलीच्या ओळखीचा तेवढा एकच.

सासूबाई समोर बसून शेंगा फोडत होत्या. ‘पाणी’, ‘भाकरी’, ‘शू लागली’ हे त्यांनी कौतुकानं ऐकलं. मी ‘जाते’ म्हटलं आणि त्यांचा हात थांबला.

“अगं, ते काय भरलं?”

“जाते. तिला कुठून निघायचं असेल तर.”

“लेकराच्या तोंडात ‘जाते’ नको गं घालू. आपल्यात कोणी जाते म्हणतं का? येते म्हण.”

“आई, मग ‘मला जायचंय’ भरते.”

“ते तर लयच वाईट. मरायला टेकलेली माणसं म्हणता तसं, मला आता जायचंय म्हणून. नऊ वर्षांत पहिल्यांदा पोरगी बोलणार, आन् काय बोलणार, तर जाते? नाय, नाय. ‘येते’ भर.”

इथं मी वाद घालायला हवा होता. मी वादाला मागे हटणारी बाई नाही, हे आमच्या ऑफिसातला शिपाईसुद्धा सांगेल. पण मला त्यात वाद घालण्यासारखं काही दिसलंच नाही. मी स्वतः रोज सकाळी चपला घालताना ‘येते हं’ म्हणते. फोन ठेवताना, माहेरून निघताना, दवाखान्यात कुणाला भेटून उठतानाही ‘येते’च म्हणते. लहानपणी ‘जाते’ म्हणून निघाले की आई मला दारातून परत बोलवायची, पाटावर बसवायची, आणि मग ‘येते’ म्हणवून पाठवायची. ‘जाते’ म्हणू नये हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही, इतकं ते अंगात मुरलेलं. मी ‘जाते’ पुसलं आणि फाटकाच्या फोटोमागे ‘येते’ भरलं. सासूबाई म्हणाल्या, “हां, आता कसं,” आणि शेंगा फोडू लागल्या.

मुलगी शिकली. दीड महिना लागला, पण शिकली. फाटकाच्या फोटोवर बोट, टॅबमधून माझा आवाज, ‘येते’, आणि आम्ही दोघी फाटकाबाहेर. पुन्हा आत, पुन्हा बोट, पुन्हा बाहेर. पाहुण्यांच्या गोंगाटात एकदा तिनं स्वतःहून ते बोट लावलं. मी तिला मागच्या अंगणात नेलं आणि ती चावली नाही. त्या दिवशी मी रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. घरात कुणाला काही खटकलं नाही. खटकणार कसं? आमच्याकडे फाटकातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस तेच म्हणतो.

गणपतीच्या आठवड्यात शाळेचे तीन दिवस आले. पहिल्या दिवशी तिनं टॅबवर पाणी मागितलं. दुसऱ्या दिवशी शू सांगितली आणि दही-भात पुरे झाल्यावर ‘पुरे’ही म्हटलं. बाईंचा दुपारी मेसेज आला, मुलगी छान सांगते, उद्या असंच झालं तर जागा तिची. मी तो मेसेज नवऱ्याला दाखवला, सासूबाईंना वाचून दाखवला, आणि थेरपिस्ट मॅडमना पुढे पाठवला.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ऑफिसात फोन आला. “तुम्ही लगेच या.” बाई एवढंच म्हणाल्या. पिंपळगावहून द्वारकेपर्यंत मी कशी पोहोचले ते आठवत नाही. शेवटी चौकात गाडी अडकली तेव्हा उतरून चालत निघाले, पदर खोचून जवळजवळ पळतच.

दारातच बाई भेटल्या. दंडाला रुमाल गुंडाळलेला होता. रागावल्या नव्हत्या, पण चेहरा उतरला होता. “मला कळतच नाहीये काय झालं,” त्या म्हणाल्या. “आम्ही आरती करत होतो. मुलांच्या हातात टाळ, झांजा होत्या. ही मागे बसलेली. तिनं टॅब दाबला, ‘येते’. मला इतकं बरं वाटलं, अहो, आरतीला स्वतःहून येते म्हणाली! मी म्हटलं ये, बाळा, ये. हात धरून आणली. ती परत म्हणाली, ‘येते’. मी म्हटलं, अजून पुढे यायचंय का? ये, बाप्पाजवळ ये. ती म्हणतच होती, येते, येते, येते. मी तिला अगदी पुढे उभी केली, झांजांच्या मध्ये. आणि मग चावली. मागतही हीच होती आणि चावलीही हीच. असं कसं हो?”

तेवढ्यात मला ती दिसली. दाराशेजारी चपला ठेवायच्या फळीवर बसली होती. चपला उलट्या पायांत घातलेल्या. टॅब मांडीवर, एक हात तोंडात, आणि दुसऱ्या हाताचं बोट फाटकाच्या फोटोवर. माझाच घोगरा आवाज त्या बंगल्याच्या पडवीत पुन्हा पुन्हा म्हणत होता, येते. येते. येते.

तिथं मला कळलं. पॅकहाऊसमध्ये माझं कामच लेबलं तपासायचं आहे. आत काय आहे आणि वर काय लिहिलंय, ते जुळलं नाही तर आख्खा माल परत येतो. मी लोकांच्या द्राक्षांची लेबलं डोळ्यांत तेल घालून तपासते, आणि माझ्या मुलीच्या एकुलत्या एक महत्त्वाच्या शब्दावर उलटं लेबल चिकटवून तिला शाळेत पाठवलं होतं. ती झांजांच्या आवाजात ओरडून सांगत होती, मला इथून काढा. आणि तिच्या आईचा आवाज सगळ्यांना सांगत होता, येते. जितक्या वेळा ती सांगायची, तितकं तिला आणखी आत ओढलं जात होतं. इतकं सांगूनही कुणी ऐकलं नाही, मग तिनं करायचं काय? मी असते तर केव्हाच चावले असते.

बाईंना मी तेव्हा काहीच समजावलं नाही. तोंडच उघडेना. मुलीला घेऊन निघाले, आणि निघताना माझ्या तोंडून निघालं, “येते.” जीभ हासडून टाकावीशी वाटली.

घरी पोहोचल्यावर मात्र तोंड उघडलं. सासूबाई ओट्यावर फुलांच्या जुड्या बांधत होत्या. मी जे बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तुमचे शकुन-अपशकुन माझ्या मुलीच्या मुळावर आले, असं काहीसं म्हटलं. जागा गेली, म्हटलं. त्या ऐकत राहिल्या. हातातला दोरा त्यांनी तसाच धरला होता.

“मी अडाणी बाई,” शेवटी त्या म्हणाल्या. “मला काय कळतं त्या टॅबमधलं? मी म्हणलं. पण तू शिकलेली ना? तू का ऐकलं माझं?”

अपशकुनाची भीती त्यांना वाटत होती, हे तर होतंच. पण ‘जाते’ पुसताना मलाही आत कुठंतरी हायसं वाटलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. आमच्यात कुणी विचारलं असतं की ‘येते’ म्हणजे काय, तर एकही जण ‘जाते’ असं म्हणाला नसता, आणि तरी सगळ्यांना कळलं असतं. ती तेवढी एकटी, आम्ही जे शिकवलं तेच खरं धरून बसलेली. तिनं काहीही चुकीचं केलं नव्हतं.

थोड्या वेळानं सासूबाईच आत आल्या. “लाव ते जाते,” त्या म्हणाल्या. “देवाला काय मराठी शिकवायचीये आपण? त्याला कळतं.” मग दारापर्यंत जाऊन परत वळल्या. “पण संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला आवाज बारीक ठेवत जा तेवढा.”

मी ‘जाते’ भरायला बसले तर ते बाहेर पडेना. पहिल्या खेपेला ‘ये’ येऊन अडकलं. दुसऱ्या खेपेला आवाज असा पडला की मीच तो घाईनं पुसून टाकला. सातव्या-आठव्या खेपेला सरळ निघालं. ‘जाते.’ नंतर मी विचार केला आणि पुसून ‘मला इथून जायचंय’ असं लांबलचक भरलं, म्हणजे परक्या माणसालाही शंका नको. करायचंच तर नीट करू.

चार दिवसांनी बाईंना जाऊन भेटले. सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. “अहो, मीसुद्धा घरून निघताना येतेच म्हणते! मला कसं सुचलं नाही?” माझी समजूत होती की आता त्या म्हणतील, चला, आपल्या दोघींची चूक, मुलीची नव्हे, उद्यापासून पाठवा. पण त्या म्हणाल्या, दोन पालकांनी तक्रार केली आहे, मुलं घाबरली आहेत, लगेच नाही घेता येणार. दिवाळीनंतर पुन्हा तीन दिवस. “तोवर तो नवा शब्द पक्का करून घ्या. या वेळी गडबड झाली तर मला नाही म्हणावं लागेल.” चूक आमची आणि परीक्षा पुन्हा तिची. पण भांडून जागा मिळणार नव्हती, म्हणून मी मान डोलावली.

मग मी तो शब्द पक्का करायच्या मागे लागले. दिवाळीला सहा आठवडे होते. ऑफिसातून आले की चहा घ्यायचा आणि तिला घेऊन टेबलाशी बसायचं. अवघड होतं, कारण त्या चौकोनातून आता दुसराच आवाज येत होता. पहिले काही दिवस तिनं त्याला बोटच लावलं नाही. लावायचं, ऐकायचं, आणि दचकून हात मागे घ्यायचा. मी टाळ वाजवून दाखवायचे, कुकरची शिट्टी मोबाईलवर लावायचे, तिनं कान झाकले की तिचं बोट धरून फाटकावर ठेवायचे. ‘मला इथून जायचंय.’ शाब्बास! की लगेच टाळ बंद. पुन्हा टाळ. नवरा एकदा म्हणाला, “किती दमवशील तिला?” मी म्हटलं, “मग तुम्ही येता का बसायला?” तो विहिरीकडे गेला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी फुलांचा धंदा जोरात, म्हणून घरातले सगळे मळ्यात होते. घरात आम्ही दोघीच. मी टाळ हातात घेतलेसुद्धा नव्हते, नुसती तिला खुर्चीत बसवली होती. तिनं टॅब जवळ ओढला, फाटक शोधलं आणि बोट ठेवलं.

‘मला इथून जायचंय.’

मी न सांगता, बोट न धरता! मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. “शाब्बास गं माझी बाय!” मी म्हटलं. “परत म्हण.”

तिनं परत बोट ठेवलं. ‘मला इथून जायचंय.’

“एकदम बरोबर! अजून एकदा.”

‘मला इथून जायचंय.’

“वा! आता शेवटचं, हं. मोठ्यानं.” मी आवाज वाढवला. तिनं बोट ठेवलं, आणि उचललं, आणि पुन्हा ठेवलं, भराभर. ‘मला इथून’, ‘मला इथून’, ‘मला इथून जायचंय’. मी मोबाईल काढून व्हिडिओ घेऊ लागले, बाईंना पाठवायला. कॅमेऱ्यात ती नीट बसावी म्हणून मी म्हटलं, “थांब, हलू नकोस.” ती बोट दाबतच होती. मग तिनं दुसरा हात तोंडाकडे न्यायला बघितला, अंगठ्याखालचा तो घट्टा दातांशी, आणि तो हात वर येईना.

मी धरला होता म्हणून येईना. खुर्चीच्या हातावर, मनगटाशी, घट्ट. केव्हा धरला ते मलाही माहीत नव्हतं.

बाईंना निदान ‘येते’ ऐकू आलं होतं. मला तर ‘जायचंय’ ऐकू येत होतं.

मी मोबाईल खाली ठेवला. “जा,” मी म्हटलं, आणि हात सोडला. मनगटावर माझ्या बोटांचे वळ उठले होते. ती उठली, टॅब तिथेच टाकला, आणि मागं न बघता निघून गेली.